कार्डाची मागची बाजू

सोमवारी सकाळी दहाच्या आत ताईंना एकवीस माणसांनी नाही म्हटलं. त्यातल्या सहांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत, नुसता फोन कापला. आता रक्तपेढीत बसून रक्तदात्यांना फोन करणं हेच ज्यांचं तेवीस वर्षांचं काम, त्यांना नकार काय नवा? कुणाला सर्दी झालेली असते, कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणाची बायको नको म्हणते. पण नाही म्हणताना माणूस जरा चाचरतो, ओशाळतो, पुढच्या वेळी नक्की येतो असं काहीतरी पुटपुटतो. आज कुणीच ओशाळत नव्हतं. नऊ वर्षांच्या ओळखीच्या एका बाईंनी तर थंडपणे विचारलं, की गटारातच ओतायचं असेल तर माझं रक्त कशाला हवं.

ताईंनी रिसीव्हर ठेवला. हे गटाराचं कुठून आलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ताई तशा फटकळ. रक्तपेढीच्या दाराशीच त्यांचं टेबल, त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागे. नियमाच्या इतक्या पक्क्या, की माणसाला परत पाठवलं की ताईंना बक्षीस मिळतं, असं आतल्या मुली म्हणायच्या. पुरुषाने एकदा रक्त दिलं की पुढचे नव्वद दिवस त्याचं घ्यायचं नाही, बाईने दिलं की एकशेवीस दिवस. त्यात एक दिवस कमी असला तरी ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक चौकोन मोजायच्या आणि आलेल्या माणसाला उलट्या पावली घरी धाडायच्या. मग तो कितीही लांबून आलेला असो, कितीही विनवण्या करो. माणसाच्या अंगात रक्त भरून यायला वेळ लागतो, ते काय नळाचं पाणी आहे, असं वर ऐकवायच्या.

टेबलामागे तीन लाकडी खणांत त्यांची कार्डं होती. सहा वर्षांपूर्वी संगणक आला, सगळी नावं त्यात गेली, तरी ताईंनी कार्डं टाकली नाहीत. कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईने रक्तगट आणि दिल्याच्या तारखा. मागच्या बाजूला पेन्सिलने बाकीचं सगळं. डावा हात चांगला. सुई बघू देऊ नये, भोवळ येते. मुलगा परीक्षेत नापास झालाय, विषय काढू नये. बिस्किट नको, साखर आहे. यातही ताईंचा एक कायदा होता: आधी पुढची बाजू, मग मागची. माणूस समोर येऊन बसला, बाही वर सरकवली, रक्त दिलं, की पुढची बाजू भरायची. मागची मग आपोआप भरत जाते.

आणि या आठवड्यात खणांतली चारच कार्डं महत्त्वाची होती, कारण शुक्रवारी चिमणी येणार होती. चिमणी म्हणजे नऊ वर्षांची एक काटकुळी, बडबडी पोर. तिच्या शरीरात रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला ताज्या रक्ताची पिशवी लागते, तीसुद्धा ओ निगेटिव्हची. पिशवी वेळेवर चढली की पोर जिने चढते, भांडते, शाळेत जाते. नाही चढली की फिक्या ओठांनी आईच्या मांडीवर पडून राहते. शुक्रवारसाठी गुरुवारी कुणीतरी रक्त द्यायला हवं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याच्या तपासण्या होतात. मॅडमनी, म्हणजे रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टरांनी, आजूबाजूच्या तीन गावांत फोन केले होते. तिथले फ्रिजही रिकामे होते. तिथेही लोक आठवडाभर फिरकले नव्हते.

झालं होतं ते असं. रक्तदात्यांचा फोनवर एक ग्रुप होता, साडेतीनशे माणसांचा. मॅडमच्या सांगण्यावरून तो गेल्या वर्षी ताईंनीच काढला होता. रविवारी दुपारी त्यात एक ध्वनिफीत आली. आवाज हुबेहूब मॅडमचा. बारा पिशव्या गटारात ओता, कुणाला कळणार नाही, आणि दात्यांना फोन करत राहा, सीमेवरून मागणी आली की भाव येईल, असं त्या आवाजात कुणीतरी बोलत होतं. गेला महिनाभर सीमेवर तणाव होता, सैन्याच्या गाड्या शहरातून जात होत्या, आणि सैनिकी हॉस्पिटलला लागणारं रक्तही याच पेढीतून जायचं. त्यामुळे हे ऐकून कुणाचंही डोकं फिरावं असंच होतं. मॅडमनी ते ऐकलं आणि मट्‌कन खाली बसल्या. आपण हे आयुष्यात कधी बोललो नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

ध्वनिफितीपाठोपाठ हसऱ्या मावशीचा निरोप आला होता. "मी गप्प बसणार होते, पण आता बसवत नाही," मावशीने लिहिलं होतं. "या वर्षी जानेवारीत मी रक्त दिलं, मार्चमध्ये दिलं, एप्रिलमध्ये पुन्हा मला गोड बोलून नेलं. माझ्यासारख्या साठीच्या बाईलाही सोडलं नाही. आणि बारा पिशव्या ओतून टाकल्या, हे मला आतल्याच माणसाने सांगितलं आहे."

दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर ग्रुपमधल्या लोकांनी त्याला सोलून काढलं असतं. पण हसरी मावशी म्हणजे सगळ्यांची लाडकी. सूर्यफुलाचा फोटो लावलेली, आठ महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आलेली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची नात कितवीत गेली, सगळं तिच्या लक्षात. खोकल्यावर उपाय सांगायची, भांडणं मिटवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते म्हणायची, गुडघ्याने बेजार. संध्याकाळपर्यंत दोनशे दहा माणसं ग्रुप सोडून गेली.

ताईंना घाम फुटला तो बारा पिशव्या वाचून. कारण बारा पिशव्या खऱ्या होत्या. मार्चमध्ये फ्रिज बिघडला, बारा पिशव्या वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत, नियमाप्रमाणे त्या नष्ट केल्या, तशी नोंद झाली. त्या दिवशी ताई खूप रडल्या होत्या, कारण कोणती पिशवी कोणत्या कार्डाची हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि घरी जाऊन त्यांनी हे सगळं एकाच माणसाला सांगितलं होतं. हसऱ्या मावशीला.

मावशी रोज संध्याकाळी ताईंना वेगळा निरोप पाठवायची. जेवलात का, आज दमलात का. ताई एकट्या राहत. लेक सासरी, लांब. आठवड्यातून एकदा फोन करणार, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. त्या जेवलात का-ची ताईंना सवय लागली होती. चष्मा पुसून त्या उत्तर लिहीत बसायच्या. त्यांनी मावशीचं कार्डसुद्धा केलं होतं.

सोमवारी त्यांनी ते कार्ड खणातून काढलं. मागची बाजू पेन्सिलने गच्च भरलेली: उजवा गुडघा, मुलगा परगावी, फार समजूतदार बाई. पुढची बाजू कोरी. ना रक्तगट, ना एक तारीख. गुडघा बरा झाला की येते, असं मावशी म्हणाली होती, आणि ताईंनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा कायदा मोडून आधी मागची बाजू भरली होती.

दुपारी सुरक्षा खात्याचा एक साहेब आला. वयाने ताईंच्या जावयाएवढा, पाठीला बॅग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. हेच सूर्यफूल अकरा शहरांत होतं, अकरा नावांनी. कुठे पाणीपुरवठ्याच्या ग्रुपमध्ये, कुठे शाळेच्या, बहुतेक ठिकाणी रक्तपेढीच्या. सगळी शहरं सैन्याच्या तळाजवळची. मावशी नावाची बाईच नाही. लांब कुठेतरी पगारी माणसं पाळीपाळीने तिच्या नावाने लिहितात. आवाज यंत्राने बनवतात. आधी सहा-आठ महिने नुसती माया करायची, काही मागायचं नाही, आणि वेळ आली की एका खऱ्याला चार खोटी चिकटवून सोडून द्यायचं. उद्या सीमेवर खरंच काही झालं, जखमी आले, आणि आपल्याच माणसांनी आपल्याच हॉस्पिटलला रक्त दिलं नाही, तर शत्रूला एक गोळीही खर्च करावी लागणार नाही.

ताई ऐकत होत्या. पाळीपाळीने, हा शब्द त्यांना फार लागला. म्हणजे जेवलात का हे विचारायलाही वेगवेगळी माणसं बसत होती.

मग साहेबाने विचारलं, की बारा पिशव्यांचं बाहेर कसं गेलं. मॅडमनी तंत्रज्ञ मुलींकडे पाहिलं. त्यातली धाकटी बावरली आणि मी नाही हो, शपथ मी नाही, म्हणत रडायला लागली. आणि ताई, फटकळ म्हणून नावाजलेल्या ताई, मूग गिळून बसल्या. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

साहेबाने पेढीच्या दारावर लावायला आणि ग्रुपवर टाकायला एक खुलासा लिहून दिला. सदर ध्वनिफीत बनावट असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये वगैरे. ग्रुपमध्ये उरलेल्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. चोर काय मी चोर आहे म्हणून सांगणार का, असं शाळेची बस चालवणाऱ्या बसवाल्या काकांनी लिहिलं आणि पुढे आणखी जे लिहिलं ते इथे सांगण्याजोगं नाही. मावशी खोटं बोलतेय, ती कधी आलीच नाही, असं ताई लिहू शकल्या असत्या. पण बारा पिशव्या खऱ्या आणि बाकीचं खोटं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि मावशीपुढे ताईंचं ऐकणार कोण? एक गोड बोलत होती, दुसरी वर्षानुवर्षं वसकन अंगावर येत होती.

मंगळवारी ताईंनी ओ निगेटिव्हची चार कार्डं टेबलावर मांडली. एक जण सैनिक, सध्या सीमेवर. एक बाई सात महिन्यांची गरोदर. एका शिक्षकांनी पाचच आठवड्यांपूर्वी दिलेलं. उरले टेलरमास्तर. कार्डावरची त्यांची शेवटची तारीख डिसेंबरची होती, म्हणजे दिवस भरपूर झालेले. पण मास्तर रविवारीच ग्रुप सोडून गेले होते आणि फोन उचलत नव्हते. ताईंनी कार्ड उलटलं. मागे त्यांच्याच अक्षरात तीन वर्षांपूर्वीचं लिहिलेलं होतं: नऊ दिवस कमी. परत पाठवलं. फार रागावले.

ताईंनी पर्स उचलली आणि त्या सरळ मास्तरांच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. दोन मशीनं, छताला टांगलेले शाळेचे गणवेश, जमिनीवर निळ्या चिंध्या. मास्तर गळ्यात टेप अडकवून कापडावर खडूने रेघा मारत होते. त्यांनी ताईंना पाहिलं आणि पुन्हा रेघा मारायला लागले. बसा म्हणाले नाहीत.

ताई उभ्या उभ्याच बोलल्या. त्यांनी काही हातचं राखलं नाही. फ्रिज बिघडल्याचं सांगितलं, पिशव्यांचं सांगितलं, मावशीला आपणच सांगितल्याचं सांगितलं, आणि काल एक पोर रडत असताना आपण गप्प बसलो हेही सांगितलं. मास्तरांचा खडू थांबला होता.

"या बाईला तुम्ही कधी पाहिलंत?"

"नाही."

"आवाज ऐकलात?"

"नाही हो, मास्तर. नुसतं जेवलात का, एवढंच विचारायची ती. त्यालाच भुलले मी."

मास्तरांनी एक स्टूल पुढे सरकवलं. मग ताईंचा फोन मागून घेतला आणि मावशीचा निरोप ओठ हलवत हलवत वाचला. आपण रविवारी नुसतं ऐकलंच होतं, वाचलं नव्हतं, असं म्हणाले. पुन्हा एकदा वाचला. आणि त्यांच्या खांद्यांना गदगदून हसू फुटलं. ताईंना वाटलं, या माणसाला वेड लागलं.

"जानेवारीत दिलं, मार्चमध्ये दिलं, एप्रिलमध्ये दिलं," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "कुणाकडे? तुमच्याकडे? ताई, मला तुम्ही नऊ दिवसांसाठी परत पाठवलंय. दुकान बंद ठेवून आलो होतो मी, गिऱ्हाईक तिष्ठत होतं. तुमच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि हिचं म्हणे चार महिन्यांत तीनदा घेतलंत. ही बाई तुमच्या टेबलासमोर जन्मात उभी राहिलेली नाही."

रोज हजारदा मोजलेले दिवस, आणि हे ताईंना सुचलं नव्हतं. बारा पिशव्यांच्या पुढे त्यांची नजर गेलीच नव्हती. गुरुवारी येतो, असं मास्तर म्हणाले, आणि हेही म्हणाले की बाकीच्यांनाही विचारा, परत न पाठवलेला एक तरी माणूस शहरात आहे का ते.

बुधवारी सकाळी ताईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे मॅडमच्या खोलीत सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली आणि धाकटीची माफी मागितली. धाकटी पुन्हा रडली. ताईंना वाटलं, आता नोकरी गेली. पण मॅडमनी एवढंच विचारलं, की कार्डं किती आहेत आणि किती जणी मिळून फोन करता येतील.

चार जणी बसल्या. ताईंनी सगळ्यांना बजावलं, खुलासा वाचायचा नाही, मागची बाजू वाचायची. चार दिवस कमी, परत पाठवलं. अंगात ताप असताना लपवत होते, परत पाठवलं. उपाशी आल्या, जेवून या म्हटलं, तणतणत गेल्या. तेवीस वर्षांत ताईंनी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हाकललेलं होतं, आणि प्रत्येक वेळी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. आता त्या फोन करून सांगत होत्या, की बारा पिशव्या गेल्या हे खरं आहे, फ्रिज बिघडला होता, येऊन नोंद बघा. ते मी एका अनोळखी बाईला बोलून बसले, ही माझी चूक. पण मला सांगा, तुम्हाला मी किती दिवसांसाठी परत पाठवलं होतं? आणि पलीकडून कुणी म्हणायचं सहा. कुणी म्हणायचं, सहा कुठले, पाच, आणि पाऊस पडत होता, विसरलो नाही मी. कुणाला इतक्या वर्षांनीही ते आठवून तिडीक यायची आणि ते तावातावाने भांडायचे, आणि भांडता भांडता त्यांचं त्यांनाच कळायचं.

साहेब दुपारी आला आणि ताईंच्या टेबलाशी तासभर नुसता ऐकत बसला. आम्ही सगळीकडे खुलासे चिकटवत फिरतोय, असं तो शेवटी म्हणाला. तुम्हाला स्वतःला काय आठवतं, असं कुणाला विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या शहरांना हे सांगू का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं. ताई म्हणाल्या, खुशाल सांगा, पण माणसं ज्याची त्याने जोडावीत, ती काही बॅगेत घालून नेता येत नाहीत.

गुरुवारी, तारीख तीन, सकाळी नऊ वाजता दार उघडलं तेव्हा बाहेर सतरा माणसं होती. ताईंना धाय मोकलून रडावंसं वाटलं, म्हणून त्या रांग नीट लावा म्हणून ओरडल्या. बसवाले काकाही आले होते, पण रक्त द्यायला नव्हे. मी फक्त फ्रिज बघणार, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. ताईंनी त्यांना फ्रिज दाखवला, नोंदवही दाखवली. काकांनी सगळं बघितलं, हं म्हणाले आणि हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे राहिले. चिमणीची आई जुळणीसाठी पोरीच्या रक्ताचा नमुना घेऊन आली होती, तीही बाकावर टेकली होती.

मास्तर रांगेत तिसरे. त्यांचा नंबर आला, त्यांनी बाही दुमडली, आणि ताईंनी सवयीने विचारलं, शेवटचं कधी दिलंत. डिसेंबर, असं उत्तर ऐकायच्या आधीच त्यांनी पेन टेकवलंसुद्धा होतं.

"फेब्रुवारीत," मास्तर म्हणाले. "लेकीच्या गावी गेलो होतो, तिच्या ऑफिसात शिबिर होतं. तीन तारखेला दिलं, आज तीन तारीख. तीन महिने पुरे झाले, ताई. या वेळी मोजूनच आलोय."

ताईंचं पेन थांबलं. त्या उठल्या, कॅलेंडरपाशी गेल्या आणि पानं मागे उलटून मोजायला लागल्या. मागे कुणीतरी खुसखुसलं. फेब्रुवारी अठ्ठावीसचा. त्यांनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. एकोणनव्वद.

एका दिवसाने काय बिघडतं? मास्तर धडधाकट माणूस, काही होणार नव्हतं त्यांना. आणि चिमणीची आई चार हातांवर बसली होती, मांडीवर त्या नमुन्याची डबी धरून. ताईंच्या मनात आलं, गुपचूप नव्वद लिहावं. कुणाला कळणार आहे? आणि कुणाला कळणार आहे, हे मनात आलं, तसा त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण जवळजवळ हेच शब्द त्या बनावट आवाजाने मॅडमच्या तोंडी घातले होते. त्या मॅडमकडे गेल्या आणि चिमणी एक दिवस थांबू शकेल का, एवढंच विचारलं. थांबेल, मॅडम म्हणाल्या, दमेल पण थांबेल. शनिवारच्या पुढे मात्र नाही.

ताई परत आल्या. आख्खी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"एक दिवस कमी आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "उद्या या."

मास्तरांनी ताईंकडे पाहिलं, चिमणीच्या आईकडे पाहिलं. मग हळूहळू बाही खाली केली, बटण लावलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ताईंनी चिमणीच्या आईकडे बघायचं धाडस केलं. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती म्हणाली, "शनिवारी तर शनिवारी. शाळा बुडवायला तिला निमित्तच हवं असतं."

रांगेतलं कुणी हललं नाही. कोपऱ्यातले बसवाले काका मात्र खिशातून फोन काढून काहीतरी टाईप करत होते. ग्रुपवर त्यांनी लिहिलं ते असं: आत्ता माझ्या डोळ्यांदेखत ताईंनी टेलरमास्तरांना एका दिवसासाठी हाकललं, फ्रिज रिकामा असताना. चार महिन्यांत तीनदा घेतलं म्हणे, मावशीबाई, जरा तोंड दाखवा. मग त्यांनी फोन खिशात टाकला, बाही वर केली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांचा निरोप दुपारपर्यंत कुठल्या कुठे पोहोचला. संध्याकाळी बंद करायच्या वेळेपर्यंत त्रेसष्ट पिशव्या झाल्या होत्या, आणि सैनिकी हॉस्पिटलला नेहमीची पेटी गेली. सूर्यफूल त्या दिवसापासून गप्प झालं.

पण त्या त्रेसष्टांत ओ निगेटिव्ह एकही नव्हती. मास्तर न बोलता गेले होते, आणि ताईंना त्यांचा राग ठाऊक होता. गेल्या वेळी तो वर्षभर टिकला होता. घरी त्यांनी चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा ठेवला. आज जेवलात का विचारायला कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला आणि म्हणाल्या, की शिट्ट्या नंतर मोज, आज माझं सगळं ऐकून घे. लेकीने गॅस बंद केला आणि पाऊण तास ऐकलं.

शुक्रवारी आठच्या सुमारास ताई पेढीपाशी पोहोचल्या, तर मास्तर पायरीवर बसले होते. गळ्यातला टेप काढायचं विसरले होते. आज नव्वद, काल घरी जाऊन मीही कॅलेंडरवर मोजले, असं ते म्हणाले, आणि दार उघडायचीही वाट न बघता बाही दुमडायला लागले.

शनिवारी चिमणी आली. आईच्या खांद्यावर मान टाकून आली, ओठ फिके, बोलायलाही त्राण नाही. दुपारी पिशवी अर्धी झाली तेव्हा तिने पाणी मागितलं. पाऊण झाली तेव्हा तिला खिडकीपाशी बसायचं होतं. संपत आली तेव्हा ती धाकट्या तंत्रज्ञ मुलीशी वाद घालत होती, की तिच्या वेणीला पिवळी रिबन का नाही. तो चिरका आवाज दाराशी ऐकू येत होता, आणि ताईंच्या जिवात जीव आला.

त्यांनी खण उघडला. मावशीचं कार्ड आधी हाताला लागलं. फाडावंसं वाटलं, पण त्यांनी ते कोऱ्या बाजूने वर करून टेबलाच्या काचेखाली सरकवलं, रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून. मग मास्तरांचं कार्ड काढलं. पुढे शाईने दोन तारखा घातल्या, लेकीच्या गावची आणि कालची. कार्ड उलटलं, पेन्सिलीला टोक केलं आणि जुन्या ओळीखाली लिहिलं: एक दिवस कमी. परत पाठवलं. रागावले नाहीत.